ठराव सर्वानुमते कसा पास करावा

अभिनंदन! तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी झालात. पुनर्विकासाचा बिल्डर तुम्ही मनातल्या मनात ठरवलाच आहे. आता उरलेल्या सत्तेचाळीस बिऱ्हाडांना तो आपणच निवडला असं वाटलं, की झालं.

आधी बारसं उरका. 'आपली इमारत पाडायची' असं चुकूनही म्हणू नका, 'स्वप्नपूर्ती' म्हणा. १९२९ साली न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत एडवर्ड बर्नेज या गृहस्थाने बायकांना सिगारेटी ओढायला लावल्या आणि त्यांचं नाव ठेवलं 'स्वातंत्र्याच्या मशाली'. पैसे तंबाखू कंपनीचे होते. तुमच्या सभेतल्या बटाटेवड्यांचे पैसे कोणाचे, हेही कोणी विचारणार नाही. वडे मात्र गरम हवेत.

मग भीती. जिन्यातल्या पडलेल्या प्लास्टरचा फोटो रोज सकाळी ग्रुपवर टाका. तुकडा एकच, कोन वेगवेगळे. खाली लिहा, 'उद्या कोणाच्या डोक्यात पडला तर?' स्ट्रक्चरल ऑडिटच्या अहवालात 'तातडीने दुरुस्ती करावी' असं असेल, तर 'तातडीने' तेवढं ठळक करून पाठवा.

खरी कला सह्यांची. २०१९ च्या सरकारी निर्देशांनुसार एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरते, म्हणजे तुमच्याकडे ४८ पैकी २५. तळमजल्यावर सांगा, 'वरचे सगळे तयार आहेत, तुमचंच अडलंय.' वर जाऊन सांगा, 'खालचे तयार आहेत.' लिफ्ट बंद असेल तर सोन्याहून पिवळं. कागदावर पहिल्या चार सह्या घरच्या आणि साडूच्या असू द्या. पहिली सही करताना आपला माणूस चष्मा शोधतो, पाचवी तो दारातच उभ्याउभ्या ठोकतो.

'चाळीस टक्के जास्त जागा' हा आकडा मोठ्या टायपात छापा. कशापेक्षा जास्त, कार्पेट की बिल्टअप, असल्या तपशिलाने पत्रकाची शोभा जाते.

बिल्डरला खुर्ची देऊ नका, सतरंजीवर बसवा. 'मीही चाळीतच वाढलो, काकू' एवढं त्याने म्हटलं की बाहेर उभी असलेली गाडी कोणाला दिसत नाही.

तरी दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले काका विचारणारच, 'बँक गॅरंटी किती?' उत्तर द्यायचं नाही. 'काका, तुमचं आयुष्य झालं, आमच्या पोरांचं काय?' म्हणायचं आणि टाळ्यांसाठी थांबायचं. रात्री ग्रुपवर 'काही विघ्नसंतोषी मंडळी' असं अनेकवचनात लिहा, नाव घेऊ नका. सकाळी दूध आणायला गेल्यावर लोक कोणाकडे बघतात ते काकांना कळेल.

अमेरिकेत १९३७ साली 'इन्स्टिट्यूट फॉर प्रोपगंडा अ‍ॅनालिसिस' नावाच्या संस्थेने अशा सात युक्त्यांची यादी छापली होती. नावं ठेवणे, गोड गोड शब्द, 'मी तुमच्यातलाच' आणि 'सगळे चाललेत, तुम्हीही चला' हे सगळं त्यात होतं. लोकांनी सावध व्हावं म्हणून म्हणे. संस्था १९४२ साली बंद पडली, तेव्हा तिकडूनही धोका नाही.

राहता राहिल्या चौथ्या मजल्यावरच्या काकू. त्या ना घाबरतात, ना चिडतात. 'फिजिबिलिटी रिपोर्ट वाचायला मिळेल का?' एवढंच शांतपणे विचारतात. त्यांना नम्रपणे सांगा, 'अवश्य काकू, ऑफिसात ठेवलाय. दर मंगळवारी अकरा ते साडेअकरा.' आणि मंगळवारी किल्ली घेऊन गावाला जा.