एका पोरामागचा खर्च काढताना भागाकार तरी नीट करा

गेले आठ दिवस कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतल्या तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, की मनपा शाळेत सरकार एका पोरामागं जेवढा पैसा घालतं त्याहून कमी फीत प्रायव्हेट शाळा चांगलं शिकवतात, तेव्हा मनपाच्या शाळा बंद करा आणि पालकांना प्रायव्हेटच्या फीसाठी सरकारी कूपन द्या. माझी मोठी प्रायव्हेटला होती, धाकटा मनपाच्या शाळेत आहे, त्यामुळं गप्प बसवेना.

पहिलं ते खर्चाचं. आकडा जास्त येतो हे मान्य, पण का येतो ते बघा की. मनपा शाळेचा मोठा खर्च म्हणजे शिक्षकांचा पगार, आणि तो ठरलेला. समजा पगार ७५ हजार आणि वर्गात ३० पोरं, तर महिन्याला एका पोरामागं अडीच हजार, तीच पोरं १५ उरली की पाच हजार. शिक्षक तोच, खोली तीच, शिकवणं तेच! पट घसरला की आकडा फुगतो, आणि मग तोच फुगलेला आकडा दाखवून राहिलेला पट पण काढून न्यायचा म्हणतात, हे मला अजिबात पटत नाही.

आणि प्रायव्हेटचा खर्च म्हणजे नुसती फी धरलीय. मोठीची फी ३२ हजार होती. व्हॅन महिना ११०० म्हणजे दहा महिन्यांचे ११ हजार, ट्युशनचे १० हजार, वह्या-पुस्तकं आणि ठरलेल्या दुकानातनंच घ्यायचा ड्रेस मिळून साडेसहा हजार. झाले की ५९,५००. धाकट्याला पुस्तकं, ड्रेस, दुपारचा पोषण आहार सगळं शाळेतनं, आणि शाळा चालत दहा मिनिटांवर. शिवाय आपल्या गावातल्या कितीतरी नावाजलेल्या शाळा खाजगी असल्या तरी अनुदानित आहेत, तिथल्या मास्तरांचा पगार सरकारच देतं, त्या कुठल्या खात्यात टाकल्या हे मेसेजमध्ये कुठंच नाही.

दर्जाचं म्हणाल तर स्कॉलरशिप घ्या. ३०० मार्कांची परीक्षा, पेपर सगळ्यांना सारखाच. धाकट्याच्या बाई सकाळी आठला जादा तास घेतात, बुद्धिमत्तेचं एकेक गणित फळ्यावर तीन तीन पोरांकडनं सोडवून घेतात, आणि चुकलं तर पुसत नाहीत, कुठं चुकलं ते पोरालाच शोधायला लावतात. मोठीच्या वर्गात ५२ पोरी-पोरं होती, तिथं चुकलेल्यावर नुसती लाल फुली यायची. जरगनगरच्या मनपा शाळेत प्रवेशासाठी पालक पाडव्याला रात्रीपासनं रांगा लावतात, ती माणसं काय येडी आहेत का?

कूपनचा प्रयोग झालाय बरं का. आंध्रातल्या खेड्यांत २००८ पासनं चिठ्ठ्या टाकून पोरांना प्रायव्हेटला पाठवलं, चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात ती मनपासारख्याच सरकारी शाळेतल्या पोरांच्या पुढं गेली नव्हती, हिंदीत मात्र गेली. तिथं प्रायव्हेटचा खर्च बराच कमी होता हेही खरं, ते लपवायचं कारण नाही. पण तो कमी होता कारण मास्तरांना पगार कमी होता, आपल्या पोरीला बाराएक हजारावर शाळेत राबवायला आपण तयार आहोत का, हे आधी घरात बोला.

मनपाच्या सगळ्याच शाळा भारी आहेत असं मी म्हणत नाही. ज्या गावात शाहू महाराजांनी १९१७ ला सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, पोरगं शाळेत नाही पाठवलं तर महिना एक रुपया दंड लावला, तिथं काही शाळांत आज दोन-दोन इयत्ता एका खोलीत बसतात हे बघून जीव तुटतो. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, नियमात पहिली ते पाचवी ६० पोरांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे पाच वर्ग आणि दोन माणसं, त्यात निवडणूक आणि सर्व्हेची कामं वेगळीच. मेसेज फॉरवर्ड करायचाच असेल तर त्यात हे लिहा, आणि मागणी करायची असेल तर त्या खोलीत तिसरा शिक्षक मागा.