गिरगाव स्टेशन वेगळंच आहे हो
मुंबईच्या भुयारी मेट्रो ३ वरच्या लेखात म्हटलंय तिची सगळी स्टेशनं सारखीच, चेहरा नसलेली. दिसायला असतीलही, पण गिरगाव नि काळबादेवीचं खोदकाम वेगळंय. बाकी बऱ्याच ठिकाणी वरून रस्ता उघडून मोठा खड्डा केला, इथे अरुंद रस्ता नि दोन्ही बाजूंना जुन्या चाळी, खड्डा करणार कुठे, म्हणून एनएटीएम (न्यू ऑस्ट्रियन टनेलिंग मेथड), म्हणजे आतूनच थोडं थोडं खोदायचं, लगेच शॉटक्रीट, म्हणजे फवाऱ्याने उडवलेलं काँक्रीट, मारायचं नि मग पुढे सरकायचं. तेव्हा आमच्या मावशीच्या फडताळातल्या लोणच्याच्या बरण्या किणकिणायच्या, ती म्हणायची आले बघ उंदीर!
आणि चर्चगेटवर दोन ओळी तरी हव्या होत्या, तो गेट १८६० च्या दशकात कोटाच्या भिंतीबरोबर गेला पण नाव आता मेट्रो स्टेशनसोबत पार जमिनीखाली पोचलंय.