मूकी जाणारच होता? मग पाच महिन्यांत सही कशी झाली?

बेसबॉलचा मोसम संपला की बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या आम्हा रेड सॉक्सवाल्या, म्हणजे बॉस्टनच्या बेसबॉल संघाच्या चाहत्या, मराठी मंडळींकडे दोनच विषय उरतात. दारातला बर्फ कोण उपसणार, आणि २०२० मध्ये संघाने आपला सर्वांत मोठा खेळाडू मूकी बेट्स लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाला विकला, ते बरोबर होतं का. पहिल्यावर कसंबसं एकमत होतं. दुसऱ्यावर सहा वर्षं होत आली तरी नाही.

विकण्याच्या बाजूचं म्हणणं आता इतक्या वेळा फिरून आलंय की ते पाठ झालंय. तो राहणारच नव्हता. फुकट गेला असता, त्याऐवजी तीन खेळाडू तरी मिळाले. लक्झरी टॅक्सचं, म्हणजे पगारांवर जास्त खर्च केला की बसणाऱ्या कराचं, ओझं उतरलं. लॉस एंजेलिसला त्याची सही मिळाली ती कोरोनाच्या घबराटीत. विकल्यावरही आपण २०२१ मध्ये सेमीफायनलपर्यंत गेलोच. आणि आता बघा, तेहेतिशीत त्याची बॅट थंडावली, सुटलो आपण! २०२५ मध्ये त्याची बॅटिंग सरासरी .२५८ वर (हजार प्रयत्नांत २५८ हिट) आली, तेव्हापासून हा शेवटचा मुद्दा फार जोरात आहे.

यातल्या काही गोष्टी खऱ्या आहेत. पण सगळ्या मिळून जो निष्कर्ष काढला जातो, तो मला मुळीच पटत नाही.

ज्यांना हा माणूस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेट्सला रेड सॉक्सने २०११ च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) पाचव्या फेरीत घेतलं. तो मूळचा सेकंड बेसवरचा, पण तिथे डस्टिन पेड्रोया बसलेला, म्हणून त्याला आउटफील्डमध्ये, म्हणजे बाउंड्रीकडच्या भागात, पाठवला. फेनवे पार्क या आपल्या मैदानाचं राइट फील्ड ही भल्याभल्यांना घाम फोडणारी जागा. कोपऱ्यातला खांब जेमतेम ३०२ फुटांवर, आणि तिथून बुटकी भिंत वळत वळत पार ३८० फुटांपर्यंत मागे जाते. त्या वळणावरून चेंडू घरंगळला की नवखा फील्डर भलतीकडेच धावतो. बेट्स मात्र चेंडू जिथे येणार तिथे आधीच उभा असायचा. २०१६ ते २०१९, फील्डिंगसाठीचे सलग चार गोल्ड ग्लव्ह पुरस्कार. २०१८ मध्ये .३४६ ची सरासरी, ३२ होमरन, ३० स्टील (चोरून गाठलेले बेस), एमव्हीपी म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, आणि १०८ सामने जिंकणाऱ्या संघासोबत वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपद. फेब्रुवारी २०२० मध्ये हा माणूस डॉजर्सला दिला गेला. सोबत पिचर (बेसबॉलचा बोलर) डेव्हिड प्राइस आणि वर रोख रक्कम. बदल्यात आले अ‍ॅलेक्स वर्डूगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग.

आता पहिला आणि सगळ्यांचा लाडका मुद्दा: तो राहणार नव्हता.

पुरावा काय, तर त्याने बॉस्टनचे प्रस्ताव नाकारले. नाकारले, खरं आहे. तेव्हाच्या बातम्यांनुसार शेवटचा मोठा प्रस्ताव १० वर्षांसाठी ३० कोटी डॉलरचा होता आणि बेट्सच्या बाजूने १२ वर्षं, ४२ कोटी असा आकडा पुढे आला होता. यावरून आपल्याकडे ‘त्याला बॉस्टन नकोच होतं’ असं ठरवून टाकण्यात आलं. अहो, भाजीवालीने साठ सांगितले, तुम्ही चाळीस म्हणालात आणि ती हसली, म्हणून तिला भाजी विकायचीच नाही असं होतं का?

सौदा झाला १० फेब्रुवारीला. २२ जुलैला त्याने डॉजर्ससोबत १२ वर्षांचा, ३६.५ कोटींचा करार केला. तोवर डॉजर्सच्या शर्टात मोसमातला एकही सामना तो खेळला नव्हता. ज्याला काही झालं तरी करार संपल्यावर खुल्या बाजारात उतरायचंच आहे, तो मोसम संपायची वाट बघतो. याने बघितली नाही. म्हणजे त्याला बाजारात जायची हौस नव्हती, योग्य किंमत हवी होती.

आणि त्या किमतीचा हिशेब जरा जवळून बघा. ३० कोटी भागिले १० म्हणजे वर्षाला ३ कोटी. ३६.५ भागिले १२ म्हणजे वर्षाला ३.०४ कोटी. फरक वार्षिक पगारात जवळजवळ नाहीच, फरक आहे शेवटच्या दोन वर्षांचा. त्यातही डॉजर्सच्या करारातले ११.५ कोटी पुढे ढकललेले आहेत, करार संपल्यानंतर हप्त्याहप्त्याने मिळणारे. आजच्या पैशात मोजलं तर ही रक्कम आणखी खाली येते. मागणी ४२ ची, सही ३६.५ वर, तीही उधारीसकट. बॉस्टनने टेबलावरून उठायची घाई केली नसती तर हे अंतर कापलं गेलं नसतं, असं मी तरी छातीठोकपणे म्हणणार नाही.

‘कोरोनामुळे घाबरून सही केली’ हा याच मुद्द्याचा धाकटा भाऊ. त्या उन्हाळ्यात पुढच्या हिवाळ्याचा बाजार कसा असेल हे कुणालाच कळत नव्हतं, त्यामुळे खात्रीचा पैसा गोड वाटला असेल, मान्य. पण सही झाली तेव्हा एकूण रकमेत त्याच्या पुढे फक्त माइक ट्राउटचे ४२.६५ कोटी होते. घाबरलेल्या माणसाला कुणी इतिहासातला दुसऱ्या क्रमांकाचा करार देत नाही. शिवाय ती घबराट बॉस्टनलाही उपलब्ध होती. बेट्स त्या जुलैत त्यांच्याकडेच असता तर हाच करार त्यांना करता आला असता.

लक्झरी टॅक्सबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण आयपीएल बघणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. आयपीएलमध्ये पर्स संपली की संपली. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या इथल्या मुख्य लीगमध्ये, अशी कडक मर्यादा नाही. एक रेषा असते, २०२० साठी ती २०.८ कोटी डॉलरची होती. ती ओलांडली तर वरच्या रकमेवर, फक्त वरच्या रकमेवर, कर बसतो. पहिल्या वर्षी २० टक्के, दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्यापासून ५०. फार जास्त ओलांडली तर अधिभार वेगळा. एकदा रेषेखाली आलं की पुन्हा २० पासून सुरुवात. रेड सॉक्स २०१८ आणि २०१९ दोन्ही वर्षी वर होते, म्हणून २०२० मध्ये खाली यायचंच असं मालक जॉन हेन्री यांच्या डोक्यात होतं आणि सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांनी तसं बोलूनही दाखवलं होतं.

म्हणजे दोन कोटींनी वर राहिले असते तर कर एक कोटी. रक्कम लहान नाही. पण फोर्ब्सच्या अंदाजाने तेव्हा या क्लबची किंमत तीन अब्ज डॉलरच्या वर होती, आणि त्याच मालकगटाकडे लिव्हरपूल फुटबॉल क्लब होता. पुढे २०२१ च्या अखेरीस त्यांनी पिट्सबर्ग पेंग्विन्स हा आइस हॉकीचा संघही घेतला. ज्या घरात नवी गाडी येते त्या घरात दूधवाल्याचं बिल परवडत नाही असं म्हणू नये.

बरं, कर वाचवणं हेच धोरण होतं म्हणा. मग २०२२ चं काय? त्या वर्षी रेड सॉक्स पुन्हा रेषेच्या वर गेले, साधारण ४५ लाख डॉलरने, आणि गटात शेवटचे आले. बेट्स नाही, प्लेऑफ नाही, वर कर. एवढंच नाही. ऑफसीझनमध्ये आपला जुना खेळाडू झँडर बोगार्ट्स सॅन डिएगोला निघून गेला तेव्हा त्याच्या बदल्यात मिळणारा ड्राफ्टमधला नंबरही, रेषा ओलांडल्यामुळेच, आणखी मागे ढकलला गेला. ज्या शिस्तीसाठी बेट्सचा बळी दिला, ती शिस्त दोन वर्षांत मोडली.

पैसा नव्हता म्हणणाऱ्यांनी तो आधी कुठे गेला तेही बघावं. डिसेंबर २०१५ मध्ये प्राइसला ७ वर्षांसाठी २१.७ कोटी. डिसेंबर २०१८ मध्ये नेथन इओव्हाल्डीला ६.८ कोटी. मार्च २०१९ मध्ये ख्रिस सेलला पुढच्या पाच वर्षांसाठी १४.५ कोटी, करार संपायला एक वर्ष बाकी असताना. तिघेही पिचर, आणि तिघांच्याही खांद्या-कोपराच्या कुरबुरी जगजाहीर. सेलचा नवा करार सुरू होण्याआधीच, मार्च २०२० मध्ये, त्याच्या कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. (२०२४ मध्ये त्याने साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार जिंकला, पण तोवर आपण त्याला अटलांटाला देऊन टाकलं होतं. असो, जखमेवर मीठ.) रोज मैदानात उतरणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या बॅटरला थांबायला सांगितलं आणि दुखऱ्या हातांना आगाऊ रक्कम दिली. हा निवडीचा प्रश्न होता, तिजोरीचा नव्हे.

आता ‘फुकट जाण्यापेक्षा तीन खेळाडू बरे.’ हा त्यातल्या त्यात शहाणा युक्तिवाद, म्हणून याला नीट उत्तर द्यायला हवं. बेट्स २०२० नंतर फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही संघाकडे जायला मोकळा, होणार होता आणि तसाच गेला असता तर हाती फक्त ड्राफ्टमधला एक नंबर आला असता. हे शंभर टक्के खरं. पण मग सौदा फक्त बेट्सचा करायचा. यांनी त्याच्या पाठीवर प्राइसला बांधलं. प्राइसचे तीन वर्षांचे ९.६ कोटी शिल्लक होते, त्यातले निम्मे डॉजर्सनी उचलले. समोरचा तुमचं ४.८ कोटींचं कर्ज उचलतो तेव्हा तो खेळाडू कमी देणार, हे उघड आहे. म्हणजे बेट्सच्या किमतीतला मोठा हिस्सा प्राइसचं कर्ज फेडण्यात गेला, आणि जे उरलं त्यात हे तिघे आले.

तिघांचं काय झालं? वर्डूगो बरा खेळाडू, मेहनती, पण ठीकठाक. चार मोसम खेळला आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्याला यांकीजला दिलं. होय, आपल्या कट्टर वैऱ्यांना, न्यूयॉर्कच्या यांकीजलाच. डाउन्स, ज्याचं नाव यांकीजच्या डेरेक जीटरवरून ठेवलेलं, बॉस्टनसाठी एकूण १४ सामने खेळला, सरासरी .१५४, आणि २०२२ च्या डिसेंबरात त्याला सोडून दिलं. वाँग २०२४ मध्ये खरंच छान खेळला, .२८० आणि १३ होमरन. पुढच्याच वर्षी त्याची बॅट साफ बसली आणि पहिल्या कॅचरची (बेसबॉलमधला विकेटकीपर) जागा कार्लोस नार्वाएझने घेतली.

२०२१ च्या सेमीफायनलवर फार वेळ घालवत नाही. ९२ विजय, ह्यूस्टनकडून ४-२ ने हार, मजा आली. पण त्या संघाचा कणा होता डेव्हर्स, बोगार्ट्स, मार्टिनेझ आणि इओव्हाल्डी, सगळे बेट्सच्या वेळचे. बेट्स गेल्यामुळे हे घडलं असं म्हणायचं असेल तर २०२०, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षी आपण गटात तळाला होतो, त्याचंही श्रेय त्याच खात्यात टाका.

राहता राहिलं वय. इथे मी अर्धं मान्य करतो. करार २०३२ पर्यंत आहे, तेव्हा तो चाळिशीला टेकलेला असेल, आणि शेवटची काही वर्षं डॉजर्सना जड जाणार. २०२५ मध्ये .२५८ आणि फक्त २० होमरन. पण त्या वर्षी मार्चमध्ये टोकियो दौऱ्याच्या सुमारास तो पोटाच्या आजाराने खंगला होता, आणि त्यातून उठून बत्तिसाव्या वर्षी पूर्ण मोसम शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या धावपळीच्या जागी, खेळला. आउटफील्डमध्ये मुरलेल्या माणसाने या वयात शॉर्टस्टॉपला जाणं म्हणजे बाउंड्रीवरच्या फील्डरने पस्तिशीकडे झुकताना ग्लोव्ह घालून स्टंपमागे बसणं.

आणि बॅटच्या सरासरीत न मावणारं जे आहे, ते दोनदा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं. २७ ऑक्टोबर २०२०, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. बेट्सचा डबल (एका फटक्यात दुसरा बेस), वाइल्ड पिचवर, म्हणजे कॅचरला न सापडलेल्या चेंडूवर, तो तिसऱ्या बेसवर, आणि डॉजर्सच्याच सीगरचा साधा घरंगळता चेंडू फर्स्ट बेसमनच्या हातात. चेंडू बॅटला लागताच बेट्स सुटला होता. थ्रो येईपर्यंत तो होम प्लेटवर आडवा. डॉजर्स पुढे गेले ते तिथून, आणि आठव्या इनिंगमध्ये त्याने होमरन मारून सामना आवळला. त्या मोसमात आपण २४ जिंकून ३६ हरलो होतो.

दुसरी गोष्ट १ नोव्हेंबर २०२५ ची. टोरोंटो, सातवा सामना, अकरावी इनिंग, डॉजर्स ५-४ ने पुढे, पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर धावणारे, एक बाद. अलेहांद्रो कर्कची बॅट मोडली, चेंडू शॉर्टस्टॉपकडे आला. बेट्सने तो उचलला, स्वतःच सेकंड बेसवर पाय टेकवला, फर्स्टला फेकला. डबल प्ले, एका चेंडूवर दोन बाद, वर्ल्ड सिरीज खलास. डॉजर्ससोबतची त्याची तिसरी, एकूण चौथी.

तो लॉस एंजेलिसमध्येही ५० नंबरचाच शर्ट घालतो. माझ्या कपाटात बॉस्टनचा ५० आहे. त्या रात्री मी तो बाहेर काढला, तर बायको म्हणाली, नंबर बरोबर आहे, रंग चुकलाय.