सारख्या नावांची औषधं आणि जेनेरिकचा वाद

भारतात 'ब्रँड की जेनेरिक' हा वाद पेटला की मी अमेरिकेत बसून त्यातलं मिळेल ते वाचते. 2023 च्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी कंपनीच्या ब्रँडऐवजी जेनेरिक, म्हणजे औषधाच्या मूळ नावानेच औषध लिहिण्याचा नियम आला आणि त्याच महिन्यात स्थगितही झाला. चर्चा मात्र किंमत, दर्जा आणि डॉक्टरांचं अक्षर यांच्यापुढे सरकत नाही. हायड्रालाझिन रक्तदाबावरचं, हायड्रॉक्सिझिन खाजेवरचं. दोन्ही जेनेरिकच नावं. ब्रँड हटवून अशा सारख्या नावांची गल्लत कशी टळेल?

माझ्या मते अडचण त्याच्या कितीतरी आधी, नाव मंजूर होतानाच सुरू होते. इकडे कंपनीने सुचवलेलं नाव एफडीए ही अमेरिकेची औषध नियामक संस्था स्वतः तपासते. उच्चारात किंवा लिहिताना ते कशाशी जुळतं, याची संगणकावरही छाननी होते. तरीही काही नावं निसटतात. नैराश्यावरचं ब्रिंटेलिक्स आणि रक्ताच्या गुठळ्या रोखणारं ब्रिलिंटा यांची अदलाबदल होऊ लागली, तेव्हा 2016 मध्ये ब्रिंटेलिक्सचं नाव बदलून ट्रिंटेलिक्स केलं गेलं.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने फाल्सिगो आणि फाल्सिटॅब या हिवतापावरच्या औषधांच्या वादात 2001 मध्येच सांगितलं होतं की औषधांच्या नावांना अधिक कडक कसोटी हवी. 2019 मध्ये नियमही झाला, पण तो कंपनीच्या हमीपत्रावर उभा आहे. नाव वेगळं असल्याची ग्वाही ते विकणाऱ्यानेच द्यायची, याला मी पडताळणी म्हणणार नाही.

अमेरिकेतही लोक दगावतात. 2017 मध्ये टेनेसीतल्या एका नर्सने औषधांच्या स्वयंचलित कपाटावर नावाची पहिली दोनच अक्षरं टाकली. गुंगीच्या औषधाऐवजी स्नायू लुळे पाडणारं व्हेक्युरोनियम हाती आलं आणि रुग्ण महिलेचा जीव गेला. नर्सवर फौजदारी खटला चालला. तिची चूक होतीच. पण दोन अक्षरांवर असं औषध हाती देणाऱ्या यंत्रणेचं काय? किमान पाच अक्षरं टाकायला लावा, असं सुरक्षातज्ज्ञ सांगतात ते याचसाठी. आपल्याकडेही चूक झाली की केमिस्टच्या काउंटरवरच्या पोराला धरतात, नाव मंजूर करणाऱ्याला कोणी विचारत नाही.

नव्या नावांची स्वतंत्र तपासणी सरकारनेच करायला हवी. तोवर डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधापुढे 'रक्तदाबासाठी', 'खाजेसाठी' एवढं तरी लिहावं. त्याला कुठल्या कायद्याची गरज नाही, आणि भलती पट्टी हातात आली तर ती केमिस्टलाही कळेल, घरी गोळ्या देणाऱ्या माणसालाही.