शरणपूर रोडचे नाव एका ओळीत संपणारे नाही
नाशिकच्या रस्त्यांच्या नावांवरील हा लेख आवडला. मात्र ‘शरणपूर रोड हे नाव ख्रिस्ती वसाहतीवरून पडले’ एवढेच सांगून लेखक लगेच कॉलेज रोडकडे वळले, हे खटकले. शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने 19व्या शतकाच्या मध्यास वसवलेली वसाहत होती, आणि अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेल्या अनेक आफ्रिकी मुलांना येथे आश्रय, शिक्षण आणि हातचे काम मिळाले. त्यांच्यापैकीच जेकब वेनराइट हा आफ्रिकेत मरण पावलेला स्कॉटिश शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचे पार्थिव घेऊन इंग्लंडपर्यंत गेला आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील अंत्यविधीत सहभागी झाला. पुढे येथील कित्येक जण केनियातील मोम्बासाजवळच्या फ्रेअरटाउन या वसाहतीत गेले. तिचे नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून ठेवलेले आहे.

त्या मानाने कॉलेज रोडचे नाव सरळ आहे, त्यावर फार लिहिण्यासारखे नाही. जुन्या गावातील तांबट लेन मात्र लेखात हवी होती, कारण तेथे धंद्यानेच गल्लीला नाव दिले आहे.

आमच्या सोसायटीच्या फाटकावरील पाटीवर आता नुसते ‘एस. रोड’ असे रंगवले आहे. पत्ता विचारणाऱ्या कुरिअरवाल्याला मी अजूनही पूर्ण ‘शरणपूर रोड’ असेच सांगतो, आणि पाटी पुन्हा रंगवताना ‘शरणपूर’ ही पाच अक्षरे परत आणावीत असा अर्जही सोसायटीकडे दिला आहे.