चार अंशांची ऊब

रेग्युलेटर घ्यायचा आहे, असे मी घरी जाहीर केले तेव्हा बायकोने आधी छताच्या पंख्याकडे आणि मग शेगडीखालच्या सिलिंडरकडे पाहिले. दोन्हीकडे सारे सुरळीत असल्याची खात्री झाल्यावर ती म्हणाली, “आता आणखी कुठे बसवायचा आहे?” पाण्याखाली श्वास घेण्यासाठी तोंडात धरायचा, असे मी सांगितले. तसा एक माझ्याकडे आधीपासून होता. परंतु त्याची सारी हयात उबदार समुद्रात गेलेली, आणि आमच्या गटाने या खेपेस ऐन हिवाळ्यात तळ्यात उतरण्याचे ठरवले होते. “मग तू तळ्यात उतरू नकोस,” ती म्हणाली. पुढच्या महिनाभरात माझ्यासमोर जे पर्याय आले त्यांत हा सर्वांत स्वस्त होता, हे आज मान्य करायला हरकत नाही.

तिने सिलिंडरकडे पाहिले ते तसे अगदीच अप्रस्तुत नव्हते. एमिल गान्याँ या अभियंत्याने सागर-संशोधक झाक-ईव्ह कुस्तो यांच्यासाठी १९४३च्या सुमारास जो रेग्युलेटर सिद्ध केला, त्याचे मूळ युद्धकाळात पेट्रोल मिळेनासे झाल्यावर मोटारी गॅसवर चालवण्यासाठी केलेल्या झडपेत होते. ही माहिती मी घरी मोठ्या उत्साहाने सांगितली. खर्चाच्या मंजुरीवर तिचा काहीही परिणाम झाला नाही.

थंडीत रेग्युलेटर का बिथरतो, हे समजून घेतल्यावाचून खरेदी करायची नाही, असा निश्चय मी केला, आणि तिथेच माझी झोप उडाली. डायव्हरच्या पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा साधारण २०० बार दाबाने कोंबलेली असते. सिलिंडरच्या तोंडाशी बसणारा फर्स्ट स्टेज हा दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा नऊ-दहा बार अधिक, इतक्यावर आणतो आणि तोंडातला सेकंड स्टेज उरलेला दाब उतरवून आपल्याला मागू तेवढी हवा देतो. इतक्या झपाट्याने प्रसरण पावणारी हवा शून्याच्याही बरीच खाली जाते, आणि पाणी मुळातच चार अंशांचे असेल तर ते स्प्रिंगभोवती गोठून बसते, झडप उघडी ती उघडीच राहते आणि तोंडात हवेचा लोंढा सुरू होतो. याला फ्री फ्लो म्हणतात. माणूस गुदमरण्याच्या भीतीने पैसे मोजतो आणि संकट येते ते हवेच्या अतिउदारपणातून. वीस मीटर खोलीवर प्रत्येक श्वासाला पृष्ठभागावरच्या तिप्पट हवा लागत असल्याने फर्स्ट स्टेज अधिकच गारठतो, आणि एकदा का हे औदार्य सुरू झाले की भरलेला सिलिंडर काही मिनिटांत रिता होतो.

“थंड पाण्यात चालेल ना?” मी दुकानदाराला विचारले.

“पळेल, सर!” तो म्हणाला.

मला पळणारा रेग्युलेटर नको होता, एका जागी राहून श्वास देणारा हवा होता. खिशाला परवडणारा एक चकचकीत रेग्युलेटर त्याने माझ्या हातात ठेवला. युरोपातल्या ईएन २५० या मानकानुसार दहा अंशांखालचे पाणी थंड समजतात, त्यासाठीची चाचणी चार अंश किंवा त्याहून गार पाण्यात घेतात, आणि ही चाचणी न दिलेल्या रेग्युलेटरवर ‘दहा अंशांहून अधिक’ अशी खूण कोरलेली असते, एवढे मी वाचून गेलो होतो. ती खूण शोधायला मात्र मोबाइलचा दिवा, वाचनाचा चष्मा आणि शेवटी दुकानदाराच्याच टेबलावरचे भिंग लागले. मानकाचे नाव वाचता येईल अशा अक्षरांत होते. त्याच्या शेजारी, मुंगीने चालता चालता पाय टेकवावा तसे, एक छोटेसे चिन्ह आणि दहाचा आकडा. “ते काय, सर, असतंच,” दुकानदार म्हणाला. मी भिंग परत केले.

दुसऱ्या टोकाला त्याने टायटॅनियमचा रेग्युलेटर दाखवला. तो वजनाला इतका हलका होता की हातातले सारे वजन किमतीच्या चिठ्ठीतच असावे. इथे मला प्रथमच गरिबीचा शास्त्रीय आधार सापडला. टायटॅनियम हे पितळेपेक्षा उष्णता बरेच कमी वाहून नेते, आणि थंड पाण्यात रेग्युलेटरला भोवतालच्या पाण्याची उष्णताच तगवून धरते, कारण आतली प्रसरण पावलेली हवा उणे तापमानात असताना बाहेरचे चार अंशांचे पाणी ही तिच्या दृष्टीने ऊबच ठरते. म्हणूनच काही फर्स्ट स्टेजना पाण्याची ऊब ओढून घेण्यासाठी पितळी पाती काढलेली असतात आणि सेकंड स्टेजही प्लॅस्टिकपेक्षा धातूचा बरा मानतात. चार अंशांची ऊब! हे वाक्य मी बायकोला ऐकवले, तेव्हा तिने माझे कपाळ हाताने चाचपून पाहिले.

पिस्टन की डायाफ्राम, म्हणजे फर्स्ट स्टेजच्या आत सरकता दट्ट्या बरा की लवचिक पडदा, हा प्रश्न मी गटातल्या एका ज्येष्ठ डायव्हरांना विचारला, आणि तो विचारायला नको होता. साध्या पिस्टनमध्ये पाणी थेट स्प्रिंगपर्यंत पोचते, सीलबंद डायाफ्राममध्ये ते बाहेरच अडते, एवढे त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. नंतरचा दीड तास सीलबंद पिस्टनही असतात, असे म्हणणाऱ्या एका अनुपस्थित मित्राची त्यांनी खरडपट्टी काढली. शेवटी ते म्हणाले, “अहो, घेताना किती पडतो ते काय बघता? दर वर्षा-दोन वर्षांनी सर्व्हिसला किती जाईल आणि त्याचे सुटे भाग मिळतील का, ते आधी विचारा.” हा सल्ला मी पाळला, आणि एका स्वस्त सेकंडहँड रेग्युलेटरचे स्वप्न तिथल्या तिथे विझले, कारण त्याच्या सर्व्हिस किटचा शोध घ्यायला पुराणवस्तू संशोधक लागला असता.

अखेर गेल्या वर्षीच्या मॉडेलचा, पितळी, सीलबंद डायाफ्रामचा, डिन जोडणीचा, म्हणजे सिलिंडरच्या तोंडात आट्यांनी फिरवून बसवायचा, रंगाने अत्यंत निरुत्साही असा एक रेग्युलेटर मी घेतला. त्यावर दहाचा आकडा नाही, हे मी दोनदा भिंगातून पाहिले.

तळ्याकाठी हवा शून्याच्या खाली होती. पाण्यात तोंड जाईपर्यंत यातून श्वास घ्यायचा नाही आणि हवा जोराने सोडणारे पर्ज बटण दाबायचे नाही, हे ज्येष्ठांनी आदल्या दिवशीच बजावले होते, कारण उच्छ्वासातला दमटपणा सेकंड स्टेजच्या आत गोठतो. मला ते पाठ होते. पण शेजारच्या एका उमेदवाराने “नवा का, काका?” असे कौतुकाने विचारले, आणि मी चार लांब श्वास घेऊन दाखवले. पाचव्याऐवजी ऐटीत बटण दाबले.

आवाज वाफेच्या इंजिनासारखा होता. ज्येष्ठ मागून शांतपणे आले, त्यांनी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला, दाबमापकाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि रेग्युलेटर काढून माझ्या हातात देत म्हणाले, “तोंडावर टोपी बसवा आणि पाण्यात धरून ठेवा. वितळेल.” फर्स्ट स्टेजच्या तोंडावर टोपी घट्ट बसवून मी काठावर उकिडवा बसलो आणि ते सारे धूड तळ्यात बुडवून धरले. हातमोज्यांतून बोटे बधिर झाली, बाकीचे सारे एकेक करून पाण्याखाली गेले, आणि आतल्या बर्फाला चार अंशांची ऊब लागून तो हळूहळू सुटला.

“कसा आहे मग नवा?” घरी आल्यावर बायकोने विचारले.

“उत्तम. थंड पाण्यात अर्धा तास होता,” मी म्हणालो.

“आणि तू?”

“मी काठावर.”