चिंच हलणार नाही

आज सकाळी आमच्या गोल्फ क्लबच्या सातव्या होलवर गेलो आणि टी, म्हणजे बॉल ठेवायची खुंटी, खोवायचंच विसरलो. कोपऱ्यावरच्या चिंचेच्या बुंध्याला लाल ऑइलपेंटचा पट्टा, त्यावर पांढऱ्या रंगात आकडा: ४३. रंग अजून ओला होता. एक ओघळ मुळापर्यंत आला होता आणि मुंगळ्यांची रांग त्याला वळसा घालून वर चालली होती. काठ्यांची पिशवी उचलणाऱ्या कॅडीला विचारलं तर म्हणाला, "नव्या डिझाइनमध्ये जाणारेय सर."

जाणारेय म्हणे! कुठे? फिरायला?

ज्यांना गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचं मैदान जुन्या धाटणीचं, पार्कलँड. समुद्राकाठच्या स्कॉटिश लिंक्सवर वारा आणि वाळू तुमची परीक्षा घेतात. आमच्यासारख्या आतल्या मैदानांवर ते काम झाडं करतात. सातवा होल म्हणजे ३४० यार्डांचा पार फोर (चार फटक्यांत संपवायचा), उजवीकडे वळणारा डॉगलेग (कुत्र्याच्या पायासारखा मध्येच वाकलेला), आणि नेमक्या वळणावर ही चिंच. अख्ख्या होलचं डिझाइन म्हणजे ही चिंच.

१९९८ साली मेंबर झालो. पहिल्याच रविवारी मी, अंगात रग असलेला बत्तीस वर्षांचा गडी, ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, काढून चिंचेवरून मारायला गेलो. एक बॉल गेला. दुसरा गेला. तिसऱ्याच्या वेळी फांदीत नुसता खडखडाट झाला आणि वरून दोन चिंचा पडल्या. माझे कॅडी तेव्हा पन्नाशीचे, काका म्हणायचो मी त्यांना. त्यांनी त्या चिंचा उचलून खिशात टाकल्या, पाच नंबरची आयर्न, म्हणजे कमी लांब मारणारी काठी, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "साहेब, चिंच हलणार नाही. तुम्हीच जरा डावीकडे हला."

त्या होलवर माझे नऊ फटके झाले. पुढच्या रविवारी डावीकडे हललो, पाच झाले.

आता समितीतले हुशार लोक सांगतात, मैदान 'आधुनिक' करायचंय, लांबी वाढवायचीय, कारण आजकाल बॉल फार लांब जातो. अहो, बॉल लांब जातो म्हणून २०२३ च्या डिसेंबरात आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांनी बॉललाच लगाम घालायचं जाहीर केलं. आम्ही मात्र झाड कापणार! आणि चिंच गेली की तो होल उरतो काय? काढा ड्रायव्हर, मारा सरळ. डोकं घरी ठेवून आलात तरी चालेल.

एका मेंबरने तर व्हॉट्सअ‍ॅपवर ओकमाँटचा दाखला दिला, त्यांनी म्हणे हजारो झाडं काढली. काढली ना. पण पेनसिल्व्हेनियातलं ते मैदान १९०३ मध्ये बांधलं तेव्हा उघडंबोडकं होतं, झाडं मागाहून शोभेसाठी लावली. मूळ डिझाइन परत आणायला ती काढली, आणि तीसुद्धा सुरुवातीला पहाटे अंधारात, मेंबर बोंबलतील म्हणून. आमची चिंच मैदानाच्या आधीपासून तिथे आहे. मैदान तिच्याभोवती आखलंय.

अमेरिकेतल्या ऑगस्टा क्लबचं का नाही सांगत कोणी? सतराव्या होलवरच्या पाइनवर आयझेनहॉवर सारखे बॉल आदळायचे. १९५६ मध्ये त्यांनी क्लबच्या सभेत झाड तोडायची मागणी केली, तर अध्यक्ष क्लिफर्ड रॉबर्ट्स यांनी सभाच गुंडाळली. समोर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष! ते झाड शेवटी २०१४ च्या हिमवादळाने नेलं, कुठल्या समितीने नाही.

बरं, चहा घेऊन आलो. जरा शांतपणे लिहितो.

सहाव्या होलच्या ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीवर, दिवसभर सावली पडते आणि तिथलं बर्म्युडा गवत टक्कल पडल्यासारखं झालंय, हे खरं आहे. तिथल्या दोन फांद्या छाटा, मी हरकत घेणार नाही. आणि हो, गोल्फ म्हणजे श्रीमंतांचे चोचले, पाणी किती पिता, ही कमेंट येणारच आहे. ठाऊक आहे मला.

पण पन्नाशी ओलांडलेलं झाड आपल्या राज्यात २०२१ पासून हेरिटेज वृक्ष आहे. महापालिकेची परवानगी घेतलीय का, हे ऑफिसात विचारलं तर "प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर मिळालं. रंग मात्र प्रोसेसच्या आधीच लागला.

दुपारी न राहवून काकांना फोन केला. आता पंचाहत्तरी उलटलीय, गुडघे गेलेत, गावी असतात. लाल पट्ट्याचं सांगितलं. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "यंदा धरलीय का हो?"

धरलीय. लगडलीय नुसती. परत येताना खाली पडलेल्या मूठभर उचलून आणल्यात, समोर टेबलावर आहेत. शनिवारी सर्वसाधारण सभा आहे. तिथे घेऊन जाणार आणि अध्यक्षांच्या पुढ्यात ओतणार. आपल्यातले जे मेंबर आहेत त्यांनी वेळेवर या. कोरम भरला नाही म्हणून मागच्या वेळी काय काय पास झालं, ते आठवतंय ना?